उघडणे, सोडणे, फोडणे

घराचा कडीकोयंडा उचकटून चोरट्यांनी ऐवज लांबविला, ही बातमी मराठी वर्तमानपत्रात कधी वाचली नाही असा वाचक विरळा. चोरीच्या बातमीचा हा ठरलेला साचा आहे, आणि साचा म्हणून आपली दृष्टी त्यावरून घसरून जाते. परंतु त्यातील 'उचकटून' हा शब्द काढून तेथे 'उघडून' घालून पाहावे. वाक्य व्याकरणाला धरून राहते, पण चोरी नाहीशी होते. ज्याच्यापाशी किल्ली आहे तो घर उघडतो. ज्याच्यापाशी ती नाही आणि घरात शिरण्याचा अधिकारही नाही, तो उचकटतो. दार कसे लागले होते, ते कोणत्या हत्याराने निघाले आणि निघणे न्यायाचे की अन्यायाचे, एवढा सगळा पंचनामा त्या एका क्रियापदाने करून ठेवलेला असतो.

मराठीत अशी क्रियापदे किती आहेत याचा आम्ही एकदा सहज विचार करू लागलो, आणि ती संख्या पाहून चकित झालो. दार उघडावे, पण गाठ उघडू नये. ती सोडावी, किंवा फार गुंतलेली असेल तर उकलावी. गुंडाळलेली सतरंजी उलगडावी, शिवण उसवावी, पाकीट फोडावे, शेंग सोलावी, डब्याचे झाकण काढावे, खिळे ठोकलेल्या खोक्याची फळी उचकटावी. फूल उमलते. केस सोडतात, उपवासही सोडतात. वाचा मात्र फोडावी लागते, आणि कोंडीही फोडावी लागते. एका डोळ्याचेच पाहा. तो उघडतो, किलकिला होतो, आश्चर्याने विस्फारतो, रागाने वटारला जातो, आणि विश्वास बसेना म्हणजे आपण तो फाडून पाहतो. तोंड उघडणे आणि तोंड वासणे यांत जे अंतर आहे ते मराठी मुलास कोणी शिकवीत नाही. पाचव्या वर्षी ते त्याला ठाऊक असते. आणि 'तोंड सोडणे' याचा अर्थ त्याला त्याहूनही लवकर कळतो, कारण बहुधा ते त्याच्यावरच सोडलेले असते.

ही काही मराठीचीच मिरास नव्हे. कोरियन भाषेत दार किंवा पेटी उघडण्यास एक क्रियापद आहे; तोंड किंवा शिंपला उघडण्यास दुसरे, डोळे उघडण्यास तिसरे आणि पुस्तक, पंखा किंवा मूठ पसरून उघडण्यास चौथे. मेलिसा बॉवरमन या विदुषीने मुले भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करिताना इंग्रजी आणि कोरियन यांची याच शब्दांवर तुलना केली. इंग्रज मूल एक 'ओपन' शिकते आणि तो सर्वत्र चालवू पाहते. कोरियन मुलास आरंभापासूनच वस्तू कशी मिटलेली आहे हे पाहावे लागते. बाली बेटात तर जेवणे या नित्याच्या क्रियेसही जेवणाऱ्याच्या मानाप्रमाणे शब्द बदलतो. चाकराच्या जेवणाचा शब्द पुरोहितास लावला तर तो उपमर्द ठरतो. क्रियापदे अशी मुबलक असणे हे भाषेच्या श्रीमंतीचे लक्षण की अडाणीपणाचे, असा प्रश्न गेल्या शतकातील काही युरोपीय पंडितांनी काढला होता. सामान्य कल्पना करता येत नाही म्हणून रानटी लोकांस प्रत्येक कृतीला निराळा शब्द लागतो, असे ते म्हणत. हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटतो. मराठीत 'उघडणे' हा सामान्य शब्द आहेच. तो असूनही भाषेने इतर शब्द बाळगले, यावरून ते तिच्या कामाचे होते एवढेच सिद्ध होते.

'उघडणे' या शब्दाचा वंश जुना आणि कुलीन आहे. संस्कृतातील 'उद्घाटयति', प्राकृतात 'उग्घाड' आणि त्यापासून आमचे 'उघडणे' ही परंपरा सर्वमान्य आहे. गंमत अशी की तोच संस्कृत शब्द आपण अलीकडच्या काळात पुन्हा एकदा, आणि या वेळी सरळ ग्रंथातून उचलून आणिला. म्हणून पाहुणे इमारतीचे 'उद्घाटन' करितात आणि दुसऱ्या दिवसापासून शिपाई तीच इमारत रोज सकाळी 'उघडतो'. शब्द एकच, एक हजार-दीड हजार वर्षे पायी चालत आला, दुसरा पालखीतून. 'उघडणे' याचा मूळ रोख आच्छादन दूर करण्याकडे आहे. अंगात सदरा नसलेला मनुष्य उघडा, झाड नसलेला माळ उघडा, छप्पर नसलेली जागा म्हणजे उघडा. ढगांचे आच्छादन निघाले की आम्ही 'पाऊस उघडला' म्हणतो, आणि त्यावरून 'उघडीप' हा सुंदर शब्द बनविला आहे. इंग्रजीत आकाश उघडले म्हणजे पाऊस कोसळू लागतो. मराठीत उघडला म्हणजे थांबतो. ज्यांना चार महिने शेतात चिखल तुडवावयाचा आहे, त्यांच्या दृष्टीने उघडणे कोणते हे उघडच आहे.

या शब्दांचा इतिहास पाहण्यास ग्रंथालयाइतकीच उपयोगी अशी एक जागा आम्हांस ठाऊक आहे. ती म्हणजे पनवेलजवळचे पळस्पे. मुंबईहून निघालेला प्रवासी पनवेल ओलांडून पळस्पे फाट्यावर आला की तेथे रस्ता फुटतो. (रस्ता उघडत नाही, खुला होतो; आणि दोन दिशांस गेला म्हणजे फुटतो. त्या फुटण्याच्या जागेस आपण फाटा म्हणतो.) एक वाट बोरघाट चढून पुण्यास, म्हणजे देशावर जाते, दुसरी शिरढोण, कर्नाळा, पेण अशी दक्षिण कोकणात उतरत गोव्याकडे जाते. कोकणची मराठी आणि देशावरची मराठी यांची गाठ पडण्याची ही पुरातन जागा होय. बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाव्या असा रस्ता १८३० साली खुला झाला. त्याच्या पूर्वी वंजाऱ्यांचे बैल पाठीवर गोण्या घेऊन तो घाट उतरत, आणि पनवेलच्या बंदरात माल गलबतांत चढे. पुढे १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर गेली आणि पनवेलचे ते वैभव ओसरले. शब्द मात्र मालाबरोबर आले होते ते राहिले.

देशावरचा माल आणि कोकणचा माल यांची बांधणी निरनिराळी, आणि म्हणून ती सोडण्याची क्रियापदेही निरनिराळी. गोणीचे तोंड दाभणाने सुतळी घालून शिवलेले असे. ते उसवावे लागे. कोकणातील भात पेंढ्याच्या मुड्यात असे. मुडा पेंढ्याच्याच दोरांनी आवळून बांधलेला, म्हणून तो सुटावयाचा. देशावर ज्वारी जमिनीतल्या पेवांत साठवीत. पेव म्हणजे खोल खणलेला, आतून पेंढा-पाचोळा लावलेला आणि वरून मातीने बुजवून टाकलेला खड्डा. त्यास दार नाही, झाकण नाही. ते फोडावे लागे. फोडल्यावरही लगेच आत उतरता येत नसे. कोंडलेल्या धान्याच्या दूषित हवेने आत उतरलेला गडी गुदमरून मरे, म्हणून हवा निघून जाईपर्यंत थांबत. आता पेवे गेली. तरी एखाद्या गोष्टीचा अकस्मात सुकाळ झाला की शहरातील मनुष्य 'पेव फुटले' असे सहज बोलून जातो. पेव म्हणजे काय असे त्याला विचारिले तर तो गोंधळेल. पण ते उघडत नसून फुटते हे त्याची जीभ विसरलेली नाही.

पळस्प्याच्या आसपासची मूळ वस्ती बरीचशी आगरी. आगर पिकविणारा तो आगरी. मिठाचे आगर आणि भाताची खार ही त्याची दोन शेते. त्याच्या बोलीत नागर मराठीतील 'ड' पुष्कळदा 'र' होतो. घोडा तेथे घोरा होतो, गाडी गारी होते. ग्रियर्सनने हिंदुस्थानातील भाषांची जी पाहणी केली, तिचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकणातील या बोलींचे हे लक्षण नोंदविलेले आहे. त्यामुळे सोडणे, फोडणे, उघडणे ही सगळी मंडळी आगरी मुखातून निघताना 'र'काराचा अंगरखा घालून निघतात. पुण्याच्या माणसास ते ऐकून हसू येते. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्या नियमाने संस्कृत 'ट' झिजून मराठी 'ड' झाला, त्याच वाटेवर आगरी आणखी एक पाऊल पुढे आहे. 'स्फोट'चे 'फोड' झाले ते शुद्ध, आणि 'फोड'चे 'फोर' झाले ते मात्र अशुद्ध, असे म्हणणाराने आपण कोठे उभे राहून हे मोजीत आहो ते आधी सांगावे.

कोकणातील क्रियापदांचे वैभव पाहावयाचे तर नारळ हाती घ्यावा. झाडावरून आलेला नारळ प्रथम सोलावा लागतो. देवाचा असेल तर शेंडी राखून. मग तो फोडावयाचा. पण देवापुढे 'फोडणे' हे क्रियापद चालत नाही, म्हणून तेथे नारळ 'वाढवितात'. शुभप्रसंगी मोडणे, फोडणे, बंद करणे असले शब्द तोंडावाटे काढू नयेत, ही आमच्या घरांतील जुनी शिस्त आहे. तिच्यामुळे नारळ वाढतो, दिवा वाढतो, दुकान वाढते आणि हातातील बांगडी फुटली तर तीही वाढते. उघडणे आणि मिटणे या दोन टोकांच्या क्रिया. शुभाच्या भयाने दोन्ही एकाच शब्दात जाऊन बसल्या! परदेशी अभ्यासकास हे समजावून सांगताना आमची मोठी तारांबळ उडते. आपल्या मुलांसही आता ते समजावून सांगावे लागते, ही त्याहून मोठी अडचण आहे.

येथवर आम्ही क्रियापदांविषयी बोललो. नामांकडे पाहिले तर देखावा अगदी निराळा दिसतो. एका साध्या दाराकडे पाहावे. आडवी आगळ ही संस्कृत अर्गलेची कन्या. कुलूप अरबांचे, 'कुफ्ल' हा त्यांचा शब्द फारशीच्या द्वारे आला आणि आमच्या तोंडात अक्षरे उलटून राहिला. किल्लीचे नाते संस्कृत 'कील' म्हणजे खुंटीशी. चावी पोर्तुगीजांची, वसई आणि चौल येथे ते ठाण मांडून बसले होते त्या काळची. पुढे इंग्रजांबरोबर 'लॅच' आणि 'हँडल' आले. म्हणजे एका दारावर चार-पाच राज्ये नांदून गेली. परंतु दार उघडणारे क्रियापद या सर्व राज्यक्रांत्यांतून जसेच्या तसे राहिले. अरबी कुलूप पोर्तुगीज चावीने मराठी मनुष्य उघडीत असे तो मराठीतच.

हा भेद आमच्या भाषेच्या इतिहासात सर्वत्र आढळतो, आणि त्याकडे द्यावे तितके लक्ष कोणी दिलेले नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांची पत्रे घेऊन त्यांतील फारशी शब्द मोजले, आणि स्वराज्य वाढत गेले तसतसे ते प्रमाण कसे उतरत गेले ते दाखविले. त्यांचे हे काम अपूर्व होते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश झाला; त्यात दरबार, कारखाने, किल्ले, लष्कर यांतील यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला, आणि १९२५ साली फारशी-मराठी कोश सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, हेही पुढे त्या पक्षास मिळाले. तीन शतकांच्या या सर्व लढाईत झुंज झाली ती मुख्यत्वे नामांवर. क्रियापदांवर पहारा ठेवण्याची कोणास गरज वाटली नाही, कारण तेथे शत्रू आलाच नव्हता. फारशीतून आलेल्या शब्दांवर सरळ मराठी क्रियापदे बनली अशी उदाहरणे थोडी: फर्मावणे, बक्षणे, आजमावणे, गुजरणे, बदलणे आणि अशीच आणखी काही. दफ्तर फारशी झाले तरी दफ्तर सोडणारा हात मराठीच बोलत होता.

पेशवाईतील पत्रव्यवहारच पाहा. पत्राच्या शेवटी 'मोर्तब सूद' असा शेरा मारून मोहोर उठवीत. ते शब्द फारशी. थैलीत घालून, लाखेने बंद करून लखोटा रवाना होई. तो ज्याच्या नावाचा असे त्याने तो फोडावयाचा. या 'फोडणे' मध्ये अधिकाराची एक बारीक खूण आहे. मोहोर एकदाच फुटते, ती पुन्हा जोडता येत नाही. म्हणून फोडलेले पत्र म्हणजे कोणी तरी वाचलेले पत्र. मधल्या मध्ये लखोटा फुटला तर त्यातून कारस्थानाचा संशय निघे. आजही आपण पत्र 'फोडतो', परीक्षेची प्रश्नपत्रिका 'फुटते', गुपित आणि बिंग 'फुटते'. लाख आणि मोहोर गेली. त्यांचा धाक तेवढा क्रियापदात राहिला आहे.

पळस्प्याहून गोव्याच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला. इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारल्याबद्दल १८७९ साली ते पकडले गेले, आणि जन्मठेप होऊन एडनच्या तुरुंगात धाडले गेले. तेथून त्यांनी एकदा पलायन केले. खोलीचे दार त्यांनी बिजागऱ्यांतून निखळवून काढिले असे सांगतात. ते लवकरच पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच त्यांचा अंत झाला. ही हकीकत मुलांच्या एका पुस्तकात आम्ही अलीकडे वाचली; तेथे 'वासुदेव बळवंतांनी तुरुंगाचे दार उघडले आणि ते पळाले' असे छापलेले होते. लिहिणाराचा हेतू चांगलाच असणार. परंतु तुरुंगाचे दार उघडतो तो जेलर. बंदिवान दार उघडू शकला असता तर ते दार तुरुंगाचे कसले? एक सशक्त कैदी, हत्यार नाही, किल्ली नाही, आणि तो दाराच्या कुलपाशी न झगडता त्याच्या दुसऱ्या बाजूस, बिजागरीस, हात घालतो. त्या माणसाची ताकद आणि अक्कल दोन्ही 'निखळवणे' या क्रियापदात होती. 'उघडले' म्हणताच दोन्ही गेली, आणि पाठीमागे पहारेकऱ्याचा हलगर्जीपणा तेवढा उरला. इतिहास लिहिताना सन आणि तिथी चुकली तर दहा टीकाकार तुटून पडतात. क्रियापद चुकले तर कोणी हूं की चूं करीत नाही.

येथे आमच्यावर कोणी असा आक्षेप घेईल की एका साध्या शब्दासाठी एवढा कोलाहल कशाला, भाषा बदलतेच. हे आम्हांस मान्य आहे, आणि त्याचा एक दाखला आम्ही स्वतःच देतो. उघडण्याच्या उलट जी क्रिया, तिच्यावर हा प्रसंग पूर्वीच येऊन गेला आहे. मराठीत दार लावतात, आणि कडी न घालता नुसते ढकलले तर लोटतात. डोळे आणि पुस्तक मिटतात, भांडे झाकतात, बीळ बुजवितात, भेग लिंपतात. या सर्वांवर फारशीतून 'बंद' आला. हा 'बंद' संस्कृत 'बंध' याचा फारशी भाऊ, म्हणून अगदी परका नव्हे. त्याने प्रथम दरवाजे, वेशी, रस्ते घेतले, मग दुकाने आणि कचेऱ्या घेतल्या, आणि हल्ली तर घराघरांतून 'दार लाव' याच्या ऐवजी 'दार बंद कर' ऐकू येते. तरीही 'मिटणे' मेले नाही. डोळे अजून मिटतात. ते 'बंद' केले तर बोलणारा डॉक्टर असावा असे वाटते. 'झाकणे' आणि 'लिंपणे' यांनीही आपले कोपरे राखले आहेत. 'बंद'ने राज्य घेतले, पण गावोगावच्या वतनदारांस हात लावला नाही.

तसेच हिंदीतून आलेल्या 'खोलणे' याचे. शुद्ध मराठीत विहीर खोलणे म्हणजे ती आणखी खोल करणे. दुकान खोलणे हे ऐकून जुन्या माणसास दुकानात खड्डा खणीत आहेत की काय असे वाटेल. म्हणून 'दुकान खोलले' हा प्रयोग आम्हांस रुचत नाही. पण पळस्पे फाट्यावरील कारखान्यात मिस्त्री जेव्हा 'इंजिन खोलले' म्हणतो, तेव्हा आम्ही त्याला नमस्कार करितो. यंत्राचे पेच काढून त्याचा भाग नि भाग सुटा करणे या क्रियेस मराठीत एकच नेमका शब्द नव्हता, कारण यंत्रच नव्हते. त्याने तो आणिला, आणि 'उघडणे' हून निराळ्या अर्थाने चालविला. इंजिनाचे झाकण तो काढतोच. इंजिन मात्र खोलतो. याला शब्दांची भर म्हणतात.

आता जो 'ओपन' आला आहे त्याची चाल निराळी आहे. त्याला कोपरा नको, सगळे घर हवे. दार ओपन कर, डबा ओपन कर, पुडा ओपन कर, गाठ ओपन होत नाही, छत्री ओपन होईना, ही वाक्ये आम्ही सुशिक्षित मराठी घरांत, आणि मुलांच्या नव्हे तर आयांच्या तोंडून ऐकली आहेत. फारशीने नाम दिले, इंग्रजीने प्रथम नामच दिले. परंतु हे क्रियेचे मर्म आहे. 'ओपन करणे' म्हणणाराला वस्तू शिवलेली आहे की बांधलेली, चिकटलेली आहे की मिटलेली, हे पाहण्याचे कारणच उरत नाही. मराठीची आणखी एक सोय त्याबरोबर जाते. सुटणे आणि सोडणे, फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, या जोड्यांत स्वर आणि व्यंजन यांच्या थोड्याशा फरकाने आपोआप झाले की कोणी केले हे कळते. घरात बरणीचे तुकडे सापडले म्हणजे ती फुटली की फोडली या एवढ्याशा फरकावर केवढी चौकशी होते, हे प्रत्येक गृहिणीस विचारावे.

या शब्दांची नोंद नाही अशी मात्र सबब आपल्याला सांगता येणार नाही. मोल्सवर्थने कँडी बंधू आणि शास्त्रीमंडळ यांच्या साहाय्याने केलेला कोश १८३१ साली निघाला, आणि सुमारे साठ हजार शब्दांची त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली. दाते, कर्वे आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात काढिले. राजवाड्यांचा धातुकोश त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली प्रसिद्ध झाला. क्रियापदांच्या मुळांचा एवढा मोठा संग्रह एकट्या माणसाने करावा हे आजही नवल वाटते. परंतु कोशातील क्रियापद हे पेटीतल्या वाद्यासारखे असते. नाम नुसते पाठ करता येते. क्रियापद हात शिकवितो. आजीने गाठोडे पुढे ठेवून 'ओढू नको, उकल' असे म्हटल्याशिवाय ते नातवाच्या अंगी बसत नाही. गाठोड्याच्या जागी साखळीची पिशवी आली, मुड्याच्या जागी प्लास्टिकचे पोते आले, तेव्हा शब्दाच्या पायाखालची जमीनच सरकली, यात आयांचा सर्वस्वी दोष नाही.

तरी जेथे नवे बंधन येते तेथे नवे क्रियापदही रुजते. पळस्प्यापासून जवळच न्हावा-शेवा येथे १९८९ साली मोठे बंदर सुरू झाले, आणि तेव्हापासून लोखंडी कंटेनरांच्या रांगा या फाट्यावरून रात्रंदिवस जातात. प्रत्येकाच्या दारास क्रमांक घातलेले सील असते. ते 'उघडत' नाहीत, 'तोडतात'. तोडलेले सील पुन्हा बसत नाही, आणि वाटेत ते तुटलेले आढळले तर चालकाची खैर नाही. पेशव्यांचा जासूद लखोटा घेऊन याच घाटाखाली उतरत असे, तेव्हा त्याच्या गळ्याशी हाच प्रश्न होता.

पनवेलच्या खाडीकाठी उघडण्यावरूनच नाव मिळालेली एक वस्तू होती, ती सांगून हा लेख आवरतो घेऊ. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून आगरी लोक खाडीच्या कडेने मातीचे बांध घालीत. पण पावसाळ्यात शेतात साचलेले गोडे पाणी बाहेर जाण्यास वाट हवी. त्यासाठी बांधात झडपांची दारे बसवीत. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटे. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडे. त्या दारास 'उघाडी' म्हणतात. तिचे मोठे काम समुद्र अडविण्याचे, पण नाव पडले ते दुसऱ्या कामावरून. बांधांची देखभाल गावे आपसांत करीत. ती ढासळू लागली तेव्हा १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला, आणि १९७९ साली महाराष्ट्र सरकारने दुसरा. तोपर्यंत १९७० साली सिडको स्थापन होऊन नव्या मुंबईसाठी पनवेल-उरणकडील गावांच्या जमिनी घेण्यास आरंभ झालेला होता. पुष्कळ खारी आणि मिठागरे भरावाखाली गेली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या उघाड्याही गेल्या. पेण आणि अलिबाग तालुक्यांत त्या अजून आहेत. तेथील शेतकरी भर पावसात ओहोटीच्या सुमारास बांधावर येतो, झडपेत ओंडका किंवा गाळ अडकला आहे का ते पाहतो, असल्यास काढून टाकतो, आणि पाणी वाहू लागले की घरी जातो.